हिमवादळ रडारला कसं दिसतं?

पाऊस मोजण्यात तरबेज असलेलं रडार बर्फापुढे अडखळतं. तेवढ्याच पाण्याच्या मानाने बर्फ रडारच्या लहरी जेमतेम एक पंचमांश परतवतो. म्हणून दाट हिमवर्षावही पडद्यावर फिका दिसतो. उलट वितळू लागलेला, पाण्याने माखलेला हिमकण भल्यामोठ्या थेंबासारखा चमकतो आणि रडार चक्क फसतं! अमेरिकेने २०१३ पर्यंत आपल्या सुमारे १६० हवामान रडारांमध्ये आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरी सोडण्याची सोय केली. दोन्हींच्या प्रतिध्वनींची तुलना केली, की कणांच्या आकाराचा अंदाज येतो; हिम किती उंचीवर वितळतंय, तेही कळतं. मात्र जमिनीवर टेकताच गोठणारा, विजेच्या तारा तोडणारा पाऊस रडारला साधा पाऊसच वाटतो. तिथे जमिनीलगतचं तापमानच पाहावं लागतं.