आवासदान आणि नगरपालिका

आचार्य समंतभद्रांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त आहार-औषधाबरोबर आवासही दानात गणला. ते सुपात्रदान, करुणादान मात्र सर्वांसाठी. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांत सुमारे ९ लाख ३८ हजार माणसे बेघर आढळली. मोठ्या शहरांत लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा एक बारमाही निवारा हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये बजावले. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात नियोजन नगरपालिकेकडे आले. बांधकामाचा खर्च केंद्र व राज्य यांत विभागला गेला. चालविण्याचे साहाय्य मात्र पाच वर्षांपुरतेच. पुढे त्या दारात दिवा कोणी लावावा? धर्मशाळा चालविणाऱ्या आपल्या समाजाने! सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने एका निवाऱ्याचा नित्य खर्च उचलावा, ही विनम्र प्रार्थना.

जय जिनेंद्र!