तंत्रस्नेही गुरुजींना कोण शिकवतं?

आज शाळेबद्दल बोलू या. शाळेतल्या टीव्हीबद्दल नाही, तर तो टीव्ही शिकवण्यात कसा आणायचा हे गुरुजींना आणि बाईंना जो शिकवतो, त्या माणसाबद्दल.

आपल्या जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत आता टीव्ही आहे, टॅब आहेत. कुठं ग्रामपंचायतीनं दिले, कुठं लोकवर्गणीतून आले. गटातल्या बायकांनीही पदराची गाठ सोडून वर्गणी दिली. आणि काही शाळांत तो टीव्ही कापड पांघरून कोपऱ्यात बसलाय, लग्नात आलेल्या मिक्सरसारखा. वापरला तर बिघडेल म्हणून जपून ठेवलेला. गुरुजींना आळशी म्हणणं सोपं आहे. पण एक दिवसाचं प्रशिक्षण घेऊन आलेला माणूस वर्गात एकटाच असतो. तिथं वायर सापडत नाही, वीज जाते, पोरं गलका करतात, आणि विचारायला जवळ कोणी नसतं.

२०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, त्या काळात 'तंत्रस्नेही शिक्षक' हा शब्द शाळाशाळांत रुळला. मोबाईल-संगणकाची गोडी असलेला शिक्षक स्वतः शिकतो आणि केंद्रातल्या बाकीच्या शाळांना हात देतो. कल्पना चांगलीच होती. आम्हाला ती ओळखीची वाटते, कारण आपल्या गटाची सीआरपी ताई हेच करते. बैठकीला आलेली ताई स्वतःच हिशोबाची वही ओढून भरभर लिहून देते, तेव्हा वही छान दिसते, पण सचिव जिथल्या तिथं राहते. चांगली ताई सचिवाच्या हातात पेन देते, शेजारी बसते, चुकलेली बेरीज तिलाच शोधू देते. याला वेळ लागतो. पण पुढच्या महिन्यात ताई नाही आली तरी वही लिहिली जाते.

शाळेतही तसंच आहे. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या दोन अभ्यासकांनी चाळीसेक वर्षांपूर्वी हेच मांडलं. नुसतं भाषण ऐकून, नमुना बघून शिक्षकाचं वर्गातलं शिकवणं फारसं बदलत नाही. पुढं महिनोन् महिने कोणी सोबत केली, तर बदलतं.

आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. बार्शीचे रणजितसिंह डिसले गुरुजी माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत २००९ साली रुजू झाले. गोठा आणि अडगळीची खोली यांच्यामध्ये ती शाळा उभी होती. त्यांनी पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड आणले. तेच, किराणा दुकानात आपण पैसे द्यायला स्कॅन करतो ते. मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो. आज बालभारतीच्या पुस्तकांवर तो कोड असतो. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्या पैशाची चर्चा खूप झाली. आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्यांनी आधी पोरांची अडचण पाहिली, यंत्र नंतर. तंत्रस्नेही शिक्षकानं शिकायचं ते हेच. नवं ॲप कोणतं आलं ते पोरगाही सांगेल. तिसरीतल्या मुलीला हातच्याची वजाबाकी कुठं अडते आणि तिथं व्हिडिओ लावायचा की काड्या मोजायच्या, हे ओळखायला मात्र अनुभव लागतो. कधीकधी काड्याच बऱ्या, हे सांगणारा तंत्रस्नेही आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो.

पण त्या बिचाऱ्याचं होतं काय? मोबाईल येतो म्हटल्यावर सगळ्या केंद्राची ऑनलाइन माहिती भरायचं काम त्याच्या गळ्यात पडतं. पोषण आहाराचा आकडा भरा, विद्यार्थ्यांची नोंद करा, अमक्याचा पासवर्ड विसरला तो काढून द्या. यात त्याची बोटं चालतात, शिकणं थांबतं. दुसऱ्याच्या वर्गात शेजारी बसायला वेळ मिळत नाही, आणि स्वतःचा वर्ग सुटतो तो वेगळाच. वर त्याला शिकवणारं कोण? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात प्रत्येक शिक्षकानं आपल्या आवडीप्रमाणे वर्षाला किमान ५० तास शिकावं असं म्हटलंय. ते तास मोबाईलवरचे व्हिडिओ पुढं ढकलून प्रमाणपत्र काढण्यात गेले, तर काय उपयोग? केंद्राच्या शिक्षण परिषदेत दोन-चार तंत्रस्नेहींनी आपला फसलेला तास सगळ्यांपुढं मांडला, एकमेकांचे वर्ग पाहिले, डाएटच्या अनुभवी माणसाला सोबत बसवलं, तर ते ५० तास कामी येतील.

यात आपलं काय, असं म्हणू नका. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक असतात आणि निम्म्या बायका. शाळा विकास आराखडा हीच समिती करते. तिथं आपण आजवर भिंत, नळ, संडास मागितले. ते मागायलाच हवेत. आता पुढच्या सभेत मुख्याध्यापकांना दोन गोष्टी विचारा. आपल्या केंद्राचे तंत्रस्नेही शिक्षक गेल्या सहा महिन्यांत आपल्या शाळेच्या वर्गात किती वेळा बसले? आणि आले तेव्हा शिकवायला आले की माहिती भरायला? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या, आणि सही करण्याआधी ते कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या.