दान पेरावं, उगवण बघावी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात गगनबावडा येथे केलेले भाषण)

 

आम्ही शिकलो चौथी. खुरपं आणि वीणा, एवढीच आमची विद्या. पण दिंडीला शंभर वर्षं झाली, शताब्दीचा निधी जमलाय, त्याचं करायचं काय हा सवाल पुढं आहे. म्हणून चार शब्द.

दान आपल्याला नवं नाही. पंगत, शिधा, पाणी आपण देतच आलो. पण दिलेल्या दानाचं पुढं काय झालं, हे बघायची रीत आपल्यात कमी. ती रीत आपल्या कोल्हापूरच्या राजानं दाखवली.

शाहू महाराजांनी १८९६ साली कोल्हापुरात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढलं. हेतू चांगला, पाठीशी राजा. तरी बहुजनांची पोरं तिथं टिकेनात. महाराजांनी हट्ट धरला नाही आणि हातही आखडला नाही. रीत बदलली. १९०१ साली मराठा पोरांचं व्हिक्टोरिया बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग, १९०६ ला मुस्लिम बोर्डिंग, १९०८ ला अस्पृश्य मानलेल्या पोरांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जागा आणि मदत दरबारची, कारभार बहुतेक त्या त्या समाजाच्या पंचांकडं. ज्यांची पोरं, त्यांच्याच हातात किल्ली. म्हणून ती टिकली.

पण पंगती वेगळ्याच राहिल्या. हे उणं जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी जवळनं बघितलं. १९१९ साली त्यांनी कराडजवळ काले गावात रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. तिथं सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसली. मूठमूठ धान्य जमवलं, पोरं राबून शिकली. पैसा सरला तेव्हा लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्रसुद्धा मोडलं. १८९६ ला जे जमलं नाही, ते २८ वर्षांनी असं जमलं.

गाडगेबाबा तर आपल्यासारखेच कीर्तनकार. पंढरीत ज्यांना कुणी आसरा देईना, त्यांच्यासाठी बाबांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली. पुढं गरज बदलली तशी ती बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला पोरांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. स्वतःच बांधलेलं, पण त्यात जीव अडकवला नाही.

कुणी म्हणेल, या हाताचं दान त्या हाताला कळू नये, हिशेब कसला? मंडळी, नाव कळू नये हे खरं. पण नवं भाताचं बी आणलं तर आपण सगळ्या रानात टाकतो काय? एका वाफ्यात तरवा टाकतो, उगवण बघतो, मग वाढवतो. दानाला तेवढी तरी काळजी नको?

काही मंडळींचं म्हणणं, पालखीला चांदी चढवू. त्यात वावगं काही नाही. आमची विनंती एवढीच, निधीचा चौथा हिस्सा बाजूला काढावा. दहावीनंतर आपल्या वाड्यांवरच्या पोरींचं शिक्षण तुटतं. कोल्हापूर इथनं पंचावन्न किलोमीटर, वर आपला पाऊस. पाच पोरींची खोली आणि जेवण एक साल दिंडीनं बघावं. घराघरानं सुगीला पायली पायली तांदूळ द्यावा. आणि किल्ली पोरींच्या आयांकडं असावी. शंभर वर्षं बाया तुळस डोक्यावर घेऊन चालल्या, पण दिंडीच्या वहीवर त्यांची सही आजवर नाही. पंचांत दोन माउली बसवा, वही त्यांनी लिहावी.

पुढच्या आषाढीला निघायच्या आधी ती वही सगळ्यांपुढं वाचू. काय जमलं, काय नाही, पोरींनाच विचारू. जमलं तर पाचाच्या दहा करू. नाही जमलं तर रीत बदलू, पण हात आखडायचा नाही.

पंचांनी विचार करावा. पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!