घरबसल्या खिळेजुळणी



वत्सगुल्मात उभे राहून लेखनाविषयी बोलावयाचे म्हणजे ताम्रपटाची आठवण होणारच. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट वाशिमला १९३९ साली मिळाला. त्यातील वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. त्यावर मराठीत निबंध लिहिण्याचे आम्ही मनावर घेतले. तळटीपा साठावर गेल्या. एका दुकानात जुन्या वळणाच्या फॉन्टात तो टंकून घेतला आणि संपादकांकडे धाडला. त्यांच्या संगणकावर त्यातला एक शब्दही वाचता येईना! वर्षभराचे श्रम पाण्यात गेले, तेव्हा आम्ही ओव्हरलीफकडे वळलो.

छापलेल्या पानावरून असे रडणारे आम्हीच पहिले नव्हे. अमेरिकेतील डोनाल्ड नुथ यांना १९७७ साली आपल्या ग्रंथाची मुद्रिते इतकी कुरूप वाटली, की त्यांनी जुळणीची नवी आज्ञावलीच रचावयास घेतली. तीच टेक. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८०नंतरच्या दशकात तिला सोपे रूप दिले, ते लाटेक. आणि २०१२ मध्ये दोघा संशोधकांनी ती संकेतस्थळावर आणून बसविली. आता घरी काही उतरवून घ्यावयास नको. इंटरनेट मात्र हवे.

येथे लेखकाने शोभेकडे पाहावयाचे नाही. हे शीर्षक, ही तळटीप, एवढेच उलट्या तिरक्या रेघेपुढे आज्ञा लिहून सांगावयाचे. अक्षरांचा आकार, समास, टीपांचे क्रमांक हे सारे जुळाऱ्याचे काम. ते यंत्र करते. मध्येच एक टीप घातली, तर पुढील साठांचे आकडे आपोआप बदलतात. ज्याने हे हाताने केले आहे, त्यालाच याची किंमत कळेल!

खाते उघडून कोरा प्रकल्प घ्यावा. डावीकडे आपले लेखन, उजवीकडे सिद्ध झालेले पान. परंतु मराठी माणूस पहिल्याच पायरीवर अडखळतो. मुळात योजलेले पीडीएफलाटेक हे यंत्र आपली अक्षरे ओळखत नाही. म्हणून पर्यायांत जाऊन झीलाटेक निवडावे, फॉन्टस्पेक हे साहाय्यक जोडावे आणि नोटो सेरिफ देवनागरीसारख्या फॉन्टचे नाव द्यावे. लिपी देवनागरी आहे, हेही तेथेच सांगावे. ते विसरलात, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी न येता नंतर येते आणि जोडाक्षरे सुटी पडतात. आम्ही दोन रात्री याच वेलांटीपायी जागलो.

दुसरा खड्डा टक्क्याच्या चिन्हाचा. सोयाबीनच्या या जिल्ह्यात कोणत्याही निबंधात टक्के येणारच. पण येथे त्या चिन्हापुढील ओळ यंत्र टिपण समजून गिळून टाकते, तेही तक्रार न करता! चिन्हाआधी उलटी तिरकी रेघ द्यावी, किंवा सरळ ‘टक्के’ असे लिहावे. तक्रारींची लांबलचक यादी आली, तर पहिलीच तेवढी वाचावी. बाकीच्या बहुधा तिचीच पिल्ले असतात. आणि मूळ लेखन अधूनमधून आपल्या संगणकावर उतरवून ठेवावे. ती साधी मजकुराची फाइल असते, कोणत्याही यंत्रावर उघडते.

मागील पडद्यावर कोरा प्रकल्प उघडून ठेवला आहे. विद्यार्थ्यांपैकी कोणी पुढे येऊन आपल्या निबंधाचे शीर्षक सांगावे, आम्ही टंकतो.