मांजर दुखणं सांगत नाही, ते आपण ओळखायचं



आज आपण घरातल्या मांजराविषयी बोलणार आहोत. म्हैस आजारी पडली की दूध कमी होतं, शेळी चरायची थांबते, आणि घरात सगळ्यांना लगेच कळतं. मांजराचं तसं नसतं. ते कणगीजवळचे उंदीर धरतं, रात्री चुलीच्या उबेला झोपतं, आणि दुखायला लागलं की गपचूप माळ्यावर नाहीतर सरपणाच्या मागे जाऊन बसतं. ओरडत नाही, तक्रार करत नाही. आपल्याला वाटतं, गेलं असेल कुठे भटकायला. दोन दिवसांनी सापडतं तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो.

म्हणून पहिली खूण लक्षात ठेवा. रोज पायात घोटाळणारं मांजर लपून बसलं आणि एक दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर ते आजारी आहे असं समजा. माणसाचा एक दिवसाचा उपास चालतो, मांजराचा चालत नाही. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि मूळ दुखण्यापेक्षा तेच जिवावर बेततं. जाडजूड मांजराला हा धोका जास्त.

दुसरी खूण लघवीची, आणि ती बोक्यासाठी फार महत्त्वाची. बोका पुन्हा पुन्हा राखेत नाहीतर मातीत बसतो, जोर करतो, ओरडतो, मागचं अंग सारखं चाटतो, पण थेंबच पडतो किंवा काहीच येत नाही. घरातली माणसं म्हणतात, त्याला शी होत नाहीये, पाजा एरंडेल. पण अशा वेळी बहुतेकदा लघवी अडलेली असते. बोक्याची लघवीची वाट अरुंद असते, ती खड्याने किंवा चिकट गोळ्याने बुजते. हे उद्यावर टाकायचं दुखणं नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, नाहीतर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो.

तिसरी खूण तोंड-डोळ्यांची. मांजराचा ओठ हळूच वर करून हिरड्या बघा. निरोगी मांजराच्या हिरड्या गुलाबी असतात. पांढऱ्या पडल्या तर रक्त कमी झालंय, पिवळ्या दिसल्या तर कावीळ असू शकते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलेला दिसला, तरी ते बरं नाही असं समजा. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच जागेवर बसली नाही, तर अंगातलं पाणी कमी झालेलं आहे.

आता पिल्लांचं बघू. पिल्लांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे उलटी-जुलाबाचा साथीचा आजार. डॉक्टर त्याला पॅनल्यूकोपेनिया म्हणतात. पिल्लू एकदम मलूल होतं, ओकतं, घाण वासाचे जुलाब होतात, पाण्याच्या भांड्यावर मान टाकून बसतं पण पीत नाही. असं एक पिल्लू गेलं की मागोमाग बाकीची जातात. मग कुणी म्हणतं नजर लागली, कुणी म्हणतं पिल्लं लाभत नाहीत. नजर नव्हे, तो विषाणू आहे. तो माणसाला होत नाही, पण जमिनीवर, गोणपाटावर वर्षभरसुद्धा टिकतो. म्हणून ते गोणपाट जाळून टाका, जागा धुऊन ब्लीचिंगच्या पाण्याने पुसा, आणि त्या घरात लस न दिलेलं नवं पिल्लू वर्षभर आणू नका. या आजाराची लस असते. पिल्लू साधारण दोन महिन्यांचं झालं की पहिला डोस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे.

शिंका, नाक वाहणं, डोळे चिकटणं ही मांजराची सर्दी. कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने डोळे-नाक पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस घ्या. नाक बंद असलं की मांजराला वास येत नाही, आणि वास आला नाही की ते खात नाही. मग मासळीचा तुकडा थोडा गरम करून द्या, वास सुटला की तोंड लावेल. तरी दिवसभरात खाल्लं नाही, तर दवाखाना.

पिल्लाचं पोट नगाऱ्यासारखं आणि अंग काटकीसारखं दिसलं, तर जंत आहेत. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले, तर पट्टकृमी, आणि हे बहुतेकदा पिसवांमुळे होतात. म्हणून जंताचं औषध आणि पिसवांचा बंदोबस्त बरोबरच करायचा. कानाच्या कडेला, तोंडावर जाड खपल्या धरून मांजर सारखं खाजवत असलं, तर ती खरूज. ती हाताळणाऱ्या माणसालाही काही दिवस खाज आणते.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगते. मांजराला घरातली गोळी कधीही देऊ नका. अंग तापलं म्हणून लेकरांची पॅरासिटामॉलची गोळी पाव-अर्धी दुधात घालून दिली जाते. मांजराच्या यकृताला ते औषध पचवताच येत नाही. एका गोळीनेही मांजर मरू शकतं. तसंच गोठ्यातल्या गोचिडांवर मारायचं औषध आणि कुत्र्याची पिसवांची पावडर मांजराला लावू नका. मांजर अंग चाटून साफ करतं, म्हणजे लावलेलं सगळं पोटात जातं. ते थरथरायला लागतं, झटके येतात. फिनेलचंही तेच, फरशी वाळेपर्यंत मांजराला बाहेर ठेवा. उंदरांचं विष ठेवलेलं असेल, तर विष खाल्लेला उंदीर मांजरही खातं. घरात मांजर असेल तर विष नको, पिंजरा लावा.

दूध-भाकरीवर मांजर जगतं असाही आपला समज आहे. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. मांजर मुळात मांस खाणारं जनावर. मासळीची डोकी उकडून, काटे काढून, किंवा अंडं शिजवून अधूनमधून द्या. आणि स्वच्छ पाणी रोज.

आता माणसांच्या काळजीचं. पिसाळलेला कुत्रा आपल्याला माहीत असतो, पण रेबीज मांजरालाही होतो. शांत मांजर एकदम अंगावर येऊ लागलं, लाळ गाळू लागलं, आवाज बदलला किंवा मागचे पाय ओढू लागलं, तर त्याला हात लावू नका. चावलं किंवा रक्त येईल असं ओरखडलं, तर जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही भरू नका. लगेच सरकारी दवाखान्यात जा, तिथे लस मोफत मिळते. डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करा. रेबीज एकदा दिसू लागला की त्यावर उपाय नाही, आधी घेतलेली लस हाच उपाय. मांजरालाही तीन महिन्यांचं झाल्यावर रेबीजची लस द्या आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी.

पोटुशी सून असली की मांजर घराबाहेर काढा असं म्हातारी माणसं सांगतात. त्यात थोडं तथ्य आहे. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू येऊ शकतो आणि तो पोटातल्या बाळाला बाधतो. पण मांजर हाकलायची गरज नाही. घाण दुसऱ्या कुणीतरी काढावी आणि रोजच्या रोज काढावी, कारण तो जंतू बाधायला निदान एक दिवस लागतो. परसात काम केल्यावर हात साबणाने धुवा, भाज्या नीट धुवा, मटण पूर्ण शिजवा. कच्च्या मटणातूनही तो जंतू येतो.

शेवटी गटासाठी एक काम. एकट्या बाईने एक मांजर पिशवीत घालून तालुक्याला नेणं अवघड आहे, भाडंच परवडत नाही. पुढच्या बैठकीत कुणाकडे किती मांजरं आहेत ते वहीत लिहा. मग गुरांच्या दवाखान्यात जाऊन विचारा, रेबीजची लस कधी मिळेल, आणि बोक्यांची, भाटींची नसबंदी कुठे होते. भाटी पाच-सहा महिन्यांची झाली की माजावर येते आणि वर्षातून दोन-तीनदा वितेसुद्धा. पिल्लं जितकी जास्त, तितकी साथ जास्त. एक दिवस ठरवा, एक गाडी करा, मांजरं झाकणाच्या टोपल्यांत नीट बांधून न्या. वर्गणी निघाली तर एकीवर भार पडत नाही.

आपल्या धान्याची राखण करणारं जनावर आहे ते. त्याच्या खाण्याकडे आणि बसण्याकडे रोज एक नजर टाका, एवढंच आज सांगायचं होतं.