पाण्याची वाट कोण राखतं?

गावात नळयोजना आली की नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. पुढची दहा वर्षं ती कोण सांभाळणार, हे मात्र त्या दिवशी कुणी विचारत नाही. आज मी तुम्हांला इटलीतल्या रोम शहराची, दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणार आहे. तिथे हा प्रश्न विचारला गेला आणि त्याचं उत्तर लिहूनही ठेवलं गेलं.

रोमचा पहिला जलमार्ग इसवी सनापूर्वी ३१२ मध्ये बांधला. पुढे असे अकरा झाले. त्यातला 'मार्किया' सुमारे ९१ किलोमीटर लांब होता. चित्रात आपल्याला उंच कमानी दिसतात, पण त्यातला सुमारे ८० किलोमीटरचा मार्ग जमिनीखालून जात होता.

मोटर नव्हती. झऱ्यापासून शहरापर्यंत पाणी फक्त उतारानं यायचं. उतार कसा मोजायचा? वीस फूट लांबीचं लाकडी बाक घ्यायचे, त्याला ओळंबे लावायचे. वाऱ्यानं ओळंबा हलायला लागला, तर बाकावर कोरलेल्या खाचेत पाणी ओतून पातळी बघायची. पाटाला आतून चुना आणि विटांच्या चुऱ्याचा गिलावा असे.

बांधून झालं, मग खरं काम सुरू झालं. इसवी सन ९७ मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा अधिकारी पाणी खात्याचा प्रमुख झाला. हाताखालच्या लोकांच्या सांगण्यावर कारभार करणं त्याला कमीपणाचं वाटे. त्यानं स्वतः मापं घेतली, तेव्हा कळलं की वाटेतच पाणी चोरीला जातंय. शेतकरी पाट फोडून शेतात पाणी घेत होते. खात्यातलेच लोक रस्त्याखालच्या शिशाच्या नळांना गुपचूप भोकं पाडून पाणी विकत होते. नळजोड दुसऱ्याच्या नावावर झाला, की हौदाला नवं भोक पडायचं. जुनं तसंच ठेवून त्यातलं पाणीही विकलं जायचं!

फ्रॉन्टिनसनं हे सगळं पुस्तकात लिहिलं. देखभालीला सातशे माणसं होती, ती गुलाम होती, हेही विसरू नये. मुळांनी पाट फुटतो, म्हणून कमानींच्या दोन्ही बाजूंना पंधरा फूट आणि जमिनीखालच्या पाटाला पाच फूट जागा मोकळी ठेवायचा कायदा होता. ऐन उन्हाळ्यात पाणी लागतं, म्हणून तेव्हा दुरुस्ती करायची नाही. एका वेळी एकच जलमार्ग बंद करायचा. रस्त्यावरच्या बहुतेक सार्वजनिक हौदांना दोन वेगवेगळ्या मार्गांचं पाणी दिलं होतं. एक बंद पडला तरी हौद कोरडा पडू नये.

हा हौदाचा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्याच्या घरी नळ नव्हता, त्याची सगळी भिस्त त्या हौदावरच. वाटेत पाणी चोरलं, की त्याची घागर रिकामी राहायची.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत आपणही तीन गोष्टी विचारू. टाकीत किती पाणी येतं आणि घरांपर्यंत किती पोचतं? दुरुस्ती कोणत्या महिन्यात करायची? आणि योजना बंद पडली, तर दुसरं पाणी कुठलं?

रोमचा 'विर्गो' जलमार्ग इसवी सनापूर्वी १९ मध्ये सुरू झाला. तो कितीदा तरी बिघडला, कितीदा तरी दुरुस्त झाला. त्याच्याच वाटेचं पाणी आजही तिथल्या प्रसिद्ध ट्रेव्ही कारंज्यात पडतं.