ॲडमिन, काहीतरी बोल ना भाऊ!

कोराडीहून बोलतोय. आजचा विषय तुमच्या खिशातच आहे, आणि बहुतेकांनी तो म्यूट करून ठेवला असेल. गावाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, कॉलेजच्या बॅचचा ग्रुप. तिथं भांडण पेटतं, कोणीतरी कोणाला वाट्टेल ते बोलतं, आणि बाकीचे २०० जण नुसते निळ्या टिका देऊन बसतात. अशा वेळी काय करायचं, आणि मुख्य म्हणजे कोणी करायचं, ते आज बघू.

सुरुवात आपल्या नागपूरच्या हायकोर्टातल्या एका केसपासून करतो. २०१६ ची गोष्ट, गोंदिया जिल्ह्यातली. एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एका मेंबरनं ग्रुपमधल्याच एका महिलेबद्दल घाणेरड्या भाषेत लिहिलं. तिनं पोलिसांत तक्रार केली. तक्रार त्या माणसाविरुद्ध तर होतीच, पण ॲडमिनविरुद्धही होती. तिचं म्हणणं असं, की ॲडमिननं त्याला ग्रुपमधून काढलं नाही, माफी मागायला लावलं नाही, उलट 'मी काही करू शकत नाही' म्हणून हात वर केले. ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. तो रद्द करून घ्यायला तो मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला.

१ मार्च २०२१ ला न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी निकाल दिला. म्हणाले, ॲडमिनच्या हातात मर्यादित अधिकार असतात: माणूस घेणं आणि माणूस काढणं. कोण काय लिहिणार हे तो आधी तपासू शकत नाही, अडवू शकत नाही. त्यामुळे दुसऱ्यानं टाकलेल्या मेसेजसाठी ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. त्या दोघांचा मिळून आधीच ठरवलेला बेत होता असं दिसलं, तर गोष्ट वेगळी. ॲडमिनवरचा गुन्हा रद्द झाला.

ही बातमी आली तेव्हा ती ॲडमिन लोकांनीच सगळ्यात जास्त फॉरवर्ड केली असेल. 'चला, सुटलो!' पण निकाल नीट ऐका. कोर्टानं एवढंच सांगितलं, की दुसऱ्याच्या शब्दांसाठी तुम्हाला जेलमध्ये टाकता येणार नाही. तुमचं काही कामच नाही, असं कोर्ट कुठंच म्हणालेलं नाही. आणि त्या महिलेचा प्रश्न तर तसाच उरतो. भर चौकात तिला कोणी शिव्या देतंय, चौक सांभाळणारा समोर उभा आहे, आणि तो म्हणतो, 'मी काय करू?'

आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला, म्हणून दुसरी बाजूही सांगतो. २०१६ मध्ये ॲडमिनकडं खरंच फारसं काही नव्हतं. दुसऱ्याचा मेसेज तो डिलीट करू शकत नव्हता. २०१८ मध्ये 'फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील' ही सेटिंग आली. २०२२ मध्ये कोणाचाही मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढायची सोय ॲडमिनला मिळाली. त्याच वर्षी ग्रुपची मर्यादा २५६ वरून १०२४ माणसांवर गेली. म्हणजे गर्दी चौपट झाली आणि कुलूपकिल्ली पण हातात आली. आज 'मी काही करू शकत नाही' हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खोटं आहे. आज त्याचा अर्थ 'मला कोणाशी वाईट व्हायचं नाही' एवढाच उरतो.

बरं, मग करायचं काय? आधी समोर कोण आहे ते ओळखायचं. माझ्या मते ग्रुपवर भांडणारी माणसं तीन प्रकारची असतात, आणि तिघांवर औषध वेगवेगळं आहे. आपण एकाचं औषध दुसऱ्याला देतो, तिथंच घोळ होतो.

पहिला, गळ टाकणारा. 'ट्रोल' या शब्दाच्या मागे मासेमारीच आहे. बोट चालवत पाण्यातून गळ ओढत न्यायचा आणि कोण लागतो ते बघायचं, याला इंग्रजीत ट्रोलिंग म्हणतात. तलावाकाठच्या गावातल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. या माणसाला विषयाशी देणंघेणं नसतं. आज तो जातीवर बोलेल, उद्या क्रिकेटवर, परवा तुमच्या डीपीवर. तुम्ही चिडलात की त्याचं काम झालं. तुमचं पाच परिच्छेदांचं उत्तर त्याच्यासाठी मासा लागल्यासारखं आहे. त्याला उत्तर द्यायचंच नाही. अगदीच चुकीची माहिती टाकली असेल तर एकदा, दोन ओळींत, खरं काय ते लिहा. तेही त्याच्यासाठी नाही, तर वाचणाऱ्या २०० जणांसाठी. मग फोन उलटा ठेवा. पुन्हा तेच केलं तर ॲडमिननं काढावं, भाषण न देता.

दुसरा, तापलेला माणूस. हा ट्रोल नाही, आणि सगळ्यात जास्त संख्या याचीच असते. आपल्या कोराडीचंच घ्या. इथं ६६० मेगावॅटचे तीन संच चालू आहेत, आणि तेवढेच मोठे आणखी दोन आणायचा प्रस्ताव पुढे आला. मे २०२३ मध्ये त्यावर जनसुनावणी झाली. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला होता, तेही लोक विसरलेले नाहीत. आता समजा गावच्या ग्रुपवर हा विषय निघाला. एकाच्या घरची चूल प्लांटच्या पगारावर पेटते. दुसऱ्याच्या आईला दमा आहे आणि तिच्या तुळशीवर रोज राख बसते. पहिला म्हणतो, 'लाईट गेली की पहिले तूच बोंबलतो ना बे!' दुसरा म्हणतो, 'तुले पगार मिळते म्हणून तू बोलते.' यातला ट्रोल कोण? कोणीच नाही. दोघांच्या पोटातलं दुखणं खरं आहे. यातल्या कोणाला ट्रोल म्हणून हाकलणं म्हणजे खरा प्रश्नच हाकलणं झालं.

चांगला माणूस असा का बोलतो, यावर स्टॅनफर्ड आणि कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना आधी एक प्रश्नमंजुषा दिली, काहींना सोपी, काहींना मुद्दाम अवघड. मग एक लेख वाचून कमेंट लिहायला सांगितली. काहींना वरती आधीच साध्या कमेंट दिसत होत्या, काहींना खवचट. ज्यांचा मूड चांगला होता आणि वरच्या कमेंटही साध्या होत्या, त्यांच्याही ३५ टक्के कमेंट ट्रोलसारख्या निघाल्या. मूड बिघडलेला आणि वर घाण, अशा वेळी तेच प्रमाण ६८ टक्के. माणसं तशीच साधी होती, फरक पडला तो मूडनं आणि वर आधी लिहिलेल्या दोन-तीन ओळींनी. रात्री उशिरा असं जास्त होतं, हेही त्यांना दिसलं.

यातून कामाच्या दोन गोष्टी निघतात. एक, पहिली घाण कमेंट लवकर उचलली तर पुढच्या दहा वाचतात. दुसरी, तापलेल्या माणसाला वेळ द्यायचा. रात्री साडेअकराला ग्रुप 'फक्त ॲडमिन' करा आणि लिहा: 'विषय महत्त्वाचा आहे, सकाळी ८ ला पुन्हा उघडतो.' सकाळी निम्मी वाफ गेलेली असते. ही पळवाट वाटेल, पण थोडासा अडथळा किती कामाचा असतो ते आपल्या महाराष्ट्रानं फार मोठी किंमत देऊन पाहिलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून, पाच निरपराध माणसं जमावानं मारून टाकली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. मेसेज पाठवायला बंदी केली नाही, फक्त बोट जरा अडखळेल असं केलं.

आणि तापलेल्याशी बोलताना 'तू' वरून 'ते' वर या. 'तुला काय कळतं' च्या जागी 'राखेबद्दल तू म्हणतो ते कुठं वाचलं, टाक ना इथं.' जमलं तर सरळ फोन लावा. कोराडीत तर पानठेल्यावर भेट होतेच. समोर चहा असला की माणूस कॅपिटल अक्षरांत बोलत नाही.

आता तिसरा. हा नेम धरणारा. एकाच व्यक्तीच्या मागे लागतो, बहुतेक वेळा मुलीच्या. तिच्या प्रत्येक मेसेजखाली काहीतरी घाण, मग पर्सनलवर मेसेज, मग फोटो, मग धमकी. इथं 'दुर्लक्ष कर ताई' हा सल्ला देऊ नका. आणि 'तूच काही दिवस ग्रुप सोड' असं तर अजिबात म्हणू नका. म्हणजे शिव्या देणारा राहिला आणि खाणारी बाहेर. 'लेफ्ट' झालेल्या मुलींची कोणी मोजदाद करत नाही. पण पाणी किती वाजता येणार, कोणत्या कंपनीची भरती निघाली, कोणाला रक्त पाहिजे, हे सगळं त्याच ग्रुपवर येतं. तिथून बाहेर पडणं म्हणजे गावातून थोडं बाहेर पडणंच आहे.

इथं क्रम लक्षात ठेवा. आधी स्क्रीनशॉट: नंबर, तारीख, वेळ, मागचे-पुढचे मेसेज सगळं दिसेल असा. मग डिलीट. लोक घाईत आधी डिलीट करतात आणि पुरावाच जातो. मग ॲडमिननं त्याला काढायचं आणि का काढलं ते ग्रुपवर एका ओळीत लिहायचं. मग त्या ताईला फोन करून विचारायचं, 'तुम्हाला काय करायचंय?' तक्रार करायची की नाही हे ती ठरवेल, सोबत जायची तयारी आपली. लैंगिक छळ, पाठलाग, धमकी हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत गुन्हे आहेत, अश्लील मजकूर पाठवणं आयटी कायद्याच्या कलम ६७ मध्ये येतं. तक्रार पोलीस ठाण्यात होते, केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवरही होते. १९३० हा नंबर मात्र पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. जिवाला धोका वाटला तर सरळ ११२.

पण मंडळी, दुसरं टोकही बघा. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे गेले त्यानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, तिच्या मैत्रिणीनं ते लाईक केलं. शिवी नव्हती, धमकी नव्हती. दोघींना अटक झाली. त्यावरून श्रेया सिंघल ही तरुणी सुप्रीम कोर्टात गेली आणि २४ मार्च २०१५ ला आयटी कायद्याचं कलम ६६ अ रद्द झालं. 'मला वाईट वाटलं' आणि 'माझ्यावर गुन्हा झाला' यांत फरक आहे. ॲडमिनलाही हा फरक कळला पाहिजे. नाहीतर 'शिस्त' म्हणत तो आपल्या विरोधात बोलणाऱ्यालाच काढत बसतो.

म्हणून नियम भांडणाच्या आधी लिहा, भांडणात नाही. रेडिटच्या विज्ञानाच्या ग्रुपवर नेथन मटायस या संशोधकानं पाहिलं, की नियम नुसते वरती चिकटवून ठेवले तर नवीन लोक नियम जास्त पाळतात, आणि गंमत म्हणजे बोलायलाही जास्त लोक पुढे येतात. घाबरून बसलेला माणूस नियम दिसला की बोलतो. आपल्याला तीन पुरे: मुद्द्यावर भांडा, माणसावर नाही. जात, शरीर, घरचे यांवर जायचं नाही. एकदा सांगू, दुसऱ्यांदा काढू, मग तो सरपंचाचा भाचा असला तरी. आणि ॲडमिन किमान दोन ठेवा, त्यात एक बाई असू द्या.

आता तुम्ही म्हणाल, 'मी कुठं ॲडमिन आहे?' खरंय. पण २०० जण गप्प बसले की शिवी देणाऱ्याला वाटतं सगळे आपल्याच बाजूनं आहेत, आणि खाणारीलाही तसंच वाटतं. तुम्हाला भांडायचं नाहीये. एवढंच लिहा: 'दादा, ही भाषा इथं नको. ताई, तुमचा मुद्दा पूर्ण करा.' दोन वाक्यं. कॉपी करून ठेवा पाहिजे तर. पहिल्यानं लिहिलं की पाच मिनिटांत आणखी तिघं लिहितात, कारण तेही कोणीतरी बोलायची वाटच बघत असतात.

आजच्यापुरतं एवढंच. पटलं नसेल तर कमेंटमध्ये जरूर भांडा. मुद्द्यावर. भेटू पुढच्या भागात.